तेल पिणारं इंजिन

माझ्दानं २०२३ मध्ये रोटरी इंजिन परत आणलं, आणि आणलं कशाला? एमएक्स-३० गाडीत बॅटरी चार्ज करायला. ८३० सीसी, एकच रोटर, चाकांशी संबंध शून्य. १९९१ साली ल माँची २४ तासांची शर्यत मारणाऱ्या इंजिनाला जनरेटरच्या नोकरीवर ठेवलेलं पाहून जीव जळला.

१९६७ ची कॉस्मो, नंतरची आरएक्स-७, ते सगळं शौकिनांना पाठ आहे. माझं दशक आरएक्स-८ चं. २०१२ मध्ये ती बंद होईपर्यंत अमेरिकेत ही गाडी बाळगणारे आम्ही एकाच प्रश्नावर हमरीतुमरीवर यायचो: इंजिन ऑइल मिनरल की सिंथेटिक?

भांडणाचं मूळ इंजिनाच्या घडणीतच होतं. इतर गाड्यांत ऑइल जळणं हा बिघाड. इथे एक छोटा पंप तेच इंजिन ऑइल थेंबाथेंबानं मुद्दाम आत सोडतो. रोटरच्या तिन्ही टोकांवरची एपेक्स सील त्यावर घसरतात आणि ऑइल पेट्रोलबरोबर जळून जातं. आपल्या यामाहा आरएक्स १०० बाइकमध्ये टूटी (टू-स्ट्रोक ऑइल) आणि गिअर ऑइल एकाच बाटलीतून ओतावं, तसला प्रकार.

मिनरलवाले म्हणत, सिंथेटिक नीट जळत नाही, काजळी धरते. एका गॅरेजमधल्या महाभागानं तर मला सुनावलं, ‘सिंथेटिक घातलंत तर वॉरंटी विसरा.’ कुठे लिहिलंय ते दाखवा म्हटल्यावर कॉफी आणायला उठला! राख होते ती मुख्यतः जस्त-कॅल्शियमच्या अॅडिटिव्हची, आणि ती मिनरलमध्येही असतातच, हे त्याच्या गावी नव्हतं. सिंथेटिकवाल्यांचा सगळा जीव शाफ्टच्या बेअरिंगमध्ये. सील त्यांच्या खिजगणतीत नाहीत. तिसरे शहाणे पेट्रोलच्या टाकीतच थोडं टू-स्ट्रोक ऑइल मिसळून मोकळे व्हायचे. बरोबर होते ते तेच.

२००४ ते २००८ च्या गाड्यांच्या इंजिनाची वॉरंटी अमेरिकेत आठ वर्षं, एक लाख मैलांपर्यंत वाढवावी लागली. २००९ च्या मॉडेलात प्रत्येक रोटरला ऑइलचं तिसरं नोझल आलं. आम्ही ऑइलच्या जातीवर भांडत बसलो. सीलना ते पुरेसं मिळतंय का, हे विचारलंच नाही.

अजून कोणी आरएक्स-८ सांभाळून असाल, तर डबा कुठलाही आणा. पण दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक काढून बघा, आणि थंड इंजिन सुरू करून लगेच बंद करू नका.