ठसा माणसाचा, नोंद जातीची

लहानपणी बोटांवरचे शंख आणि चक्रे मोजून आजी नातवंडांचे भविष्य सांगत असे. त्याच शंख-चक्रांवर पोलिसांचे एक मोठे शास्त्र उभे आहे. एडवर्ड हेन्री यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत बंगालमध्ये घडली. तिचे बरेचसे गणित अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन फौजदारांचे होते, हे मात्र नावात राहिले नाही. दहा बोटांच्या पाच जोड्या करायच्या. चक्र असेल त्या बोटाला जोडीप्रमाणे 16, 8, 4, 2 किंवा 1 गुण द्यायचा. त्यातून अपूर्णांकासारखे वर एक आणि खाली एक असे दोन आकडे निघतात. प्रत्येक आकडा 1 ते 32 यांपैकी एक, म्हणून खाने 1024. 1897 साली कलकत्त्यात ठसे कार्यालय निघाले.

या खान्यांना जात कळत नाही. हातातला माणूस तोच का, एवढेच ते सांगतात.

पण सरकारी दप्तराला दुसराही प्रश्न पडला होता: हा माणूस कुठल्या जातीचा? 1871चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तरेत आला. 1911च्या कायद्याने तो ब्रिटिश हिंदुस्थानभर लागू करण्याची सोय झाली, आणि वर्धा जिल्हा ज्यात होता तो मध्यप्रांतही त्याच्या कक्षेत आला. जमात एकदा ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर झाली, की तिच्या माणसांची नोंदवही तयार होई. नोंदलेल्याचे ठसे केव्हाही घेता येत. गुन्हा घडायच्या आधीच बोट शाईत बुडे. जात न ओळखणारे साधन जातीच्या वहीला जोडले गेले ते असे.

विदर्भात पारध्यांच्या वस्तीला बेडा म्हणतात. पारध्यांचीच एक शाखा टाकणकर. गुळगुळीत झालेल्या जात्याला टाकी लावून देणारे, म्हणून हे नाव. रसेल आणि हिरालाल यांच्या 1916च्या जातिकोशात पारध्यांच्या माहितीबरोबर त्यांच्या गुन्ह्यांचेही वर्णन येते. घरोघरी लागणारा कारागीर आणि संशयित एकाच नोंदीत!

31 ऑगस्ट 1952ला कायदा रद्द झाला आणि जमाती ‘विमुक्त’ झाल्या. वर्धा द्विभाषिक मुंबई राज्यात असताना, 1959 साली, सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. त्यात जातीऐवजी व्यक्तीची शिक्षा पाहायची होती. कागदावर हा फरक मोठा आहे. गावात चोरी झाली की पहिली गाडी बेड्याकडे वळते, तेव्हा तो दिसत नाही.

2022च्या कायद्याने बुबुळापर्यंतची मोजमापे 75 वर्षे जपायची तरतूद केली. 3 ऑक्टोबर 2024ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातल्या नोंदवह्यांमधला जातीचा रकाना काढायला सांगितला. विमुक्तांना मनमानी अटक करू नका, असे पोलिसांनाही त्याच निकालात बजावावे लागले.