जलौकावचारण : जळू लावणारे आणि जळू पोसणारे

रक्तमोक्षणाचे, म्हणजे बिघडलेले रक्त शरीराबाहेर काढून टाकण्याचे, जे मार्ग आयुर्वेदाने सांगितले त्यांत जळू लावण्याचा मार्ग सर्वांत सौम्य मानला गेला आहे. त्वचेवर बारीक ओरखडे काढणे म्हणजे प्रच्छान आणि शीर टोचणे म्हणजे सिराव्यध, हे दोन शस्त्राचे मार्ग. शिंग, जळू आणि भोपळा हे तीन शस्त्रावाचूनचे. वाताने दुष्ट झालेल्या रक्तासाठी गाईचे शिंग, पित्ताने दुष्ट झालेल्यासाठी पाण्यात वाढलेली थंड प्रकृतीची जळू आणि कफाने दुष्ट झालेल्यासाठी कडू, रूक्ष, तीक्ष्ण असा भोपळा, ही वाटणी प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते आणि परीक्षेतही बहुधा तेवढेच विचारले जाते, म्हणून तिचा विस्तार येथे करण्याचे कारण नाही. राजे, श्रीमंत, बालके, वृद्ध, भित्रे, दुबळे, स्त्रिया आणि नाजूक प्रकृतीची माणसे यांच्यासाठी जळवांचा उपाय सुश्रुताने योजला, हेही सर्वश्रुत आहे. चरकसंहितेत विसर्प, अर्श अशा रोगांच्या ओघात जळवांचा उल्लेख येतो, पण चरक हा मुळात कायचिकित्सेचा, म्हणजे औषधांनी करायच्या उपचारांचा ग्रंथकार. जळू हाताळणे हे त्याचे क्षेत्र नव्हे. रक्ताला जवळजवळ चौथ्या दोषाचा मान देणाऱ्या सुश्रुताच्या शल्यपरंपरेतच या विषयाला स्वतंत्र अध्याय मिळाला.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील तेरावा अध्याय तो हा. त्याचे नाव जलौकावचारणीय, म्हणजे जळू कशी लावावी हे सांगणारा अध्याय. प्रत्यक्ष वाचला असता मात्र असे दिसते की त्यातील फार मोठा भाग जळू लावण्याविषयी नाहीच. तो जळू ओळखण्याविषयी, पकडण्याविषयी, पोसण्याविषयी आणि काम झाल्यावर तिचा जीव सांभाळण्याविषयी आहे. जलौकावचारणावर आजवर मराठीत जे लिहिले गेले त्यातील बहुतेक लेखन हा भाग चार ओळींत उरकून रोगांच्या यादीकडे धावते, आणि सारी गफलत तेथूनच सुरू होते.

जळवांच्या १२ जाती सुश्रुत सांगतो. सहा सविष आणि सहा निर्विष. कृष्णा, कर्बुरा, अलगर्दा, इंद्रायुधा, सामुद्रिका आणि गोचंदना या सविष. त्यांच्या दंशाने सूज, असह्य खाज, ताप, दाह, ओकारी आणि मूर्च्छा येते, आणि इंद्रायुधेचा दंश तर असाध्य मानला आहे. कपिला, पिंगला, शंकुमुखी, मूषिका, पुंडरीकमुखी आणि सावरिका या निर्विष. ही वर्णने नुसती नावापुरती नाहीत. कपिलेच्या दोन्ही कुशी मनःशिळेने रंगवल्यासारख्या आणि पाठ मुगाच्या रंगाची व तुळतुळीत. पिंगला किंचित तांबूस, गोल अंगाची आणि चपळ. शंकुमुखी यकृताच्या रंगाची, लांब टोकदार तोंडाची आणि झपाट्याने रक्त पिणारी. मूषिकेचा आकार आणि रंग उंदरासारखा आणि अंगाला दुर्गंधी. सावरिका कमळाच्या पानाच्या रंगाची, १८ अंगुळे लांब, आणि ती माणसासाठी नव्हे तर जनावरांसाठी वापरावी असा स्पष्ट निर्देश आहे. आपल्याकडच्या तळ्यांत आणि म्हशी डुंबतात त्या डबक्यांत सापडणारी गुरांची जळू, जिला प्राणिशास्त्रात हिरुडिनॅरिया म्हणतात, ताणली की फूटभर लांब होते हे ध्यानात घेतले, तर ग्रंथकाराने हे सारे पाण्याच्या काठी बसून पाहिले असावे याविषयी शंका उरत नाही. या १२ नावांना आजच्या शास्त्रीय नावांची लेबले चिकटवण्याचा उद्योग मात्र अनेकांनी केला आहे, आणि तो बहुतांशी व्यर्थ आहे, कारण रंगावरून केलेली जुनी वाटणी आणि शरीररचनेवरून केलेली नवी वाटणी यांचे सांधे जुळत नाहीत.

निर्विष जळवांची क्षेत्रे म्हणून जे प्रदेश सुश्रुताने नोंदवले त्यांत यवन, पांड्य आणि पौतन यांच्याबरोबर सह्य आहे, म्हणजे आपला सह्याद्री. तेथील जळवा अंगाने मोठ्या, बळकट, लवकर पिणाऱ्या आणि पुष्कळ खाणाऱ्या असतात असे तो म्हणतो. मराठी वाचकाला याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. पण आरोग्यपुरवण्यांतून या वाक्याच्या शेजारी पावसाळ्यात आंबोलीच्या किंवा कोयनेच्या रानात चालणाऱ्यांच्या पायांवर चढणाऱ्या जळवेचे छायाचित्र छापले जाते, तेव्हा लिहिणाऱ्याने ना ग्रंथ उघडलेला असतो ना तळे पाहिलेले असते. ती रानजळू, हेमाडिप्सा. तिचे कुळच वेगळे. चिकित्सेची जळू पाण्यातली, आणि तीही कोणत्याही पाण्यातली नव्हे. कुजलेले मासे, बेडूक आणि मलमूत्र यांनी नासलेल्या पाण्यात सविष जळवा होतात आणि कमळे, कुमुदे, शेवाळ असलेल्या स्वच्छ पाण्यात निर्विष, असे सुश्रुताचे मत आहे. उत्पत्तीची ही कल्पना आज कोणी अक्षरशः मानणार नाही. पण घाणेरड्या पाण्यातील जळू रोग्याच्या अंगाला लावू नये हा तिचा व्यवहारातला अर्थ अजूनही तंतोतंत खरा आहे.

पकडण्यासाठी ओले कातडे पाण्यात सोडावे. पकडलेल्या जळवा नव्या मोठ्या घड्यात तळ्याचेच पाणी आणि चिखल घालून ठेवाव्यात; खाण्यासाठी शेवाळ, सुके मांस आणि पाण्यातल्या कंदांचे चूर्ण द्यावे, निजण्यासाठी गवत आणि पाणवनस्पतींची पाने घालावीत; दर दोन-तीन दिवसांनी पाणी आणि खाद्य बदलावे आणि दर सात दिवसांनी घडाच बदलावा. मध्यभागी जाड, बेढब, मंद हालचालीच्या, न चिकटणाऱ्या आणि थोडेच पिणाऱ्या जळवा बाजूला काढाव्यात. इतक्या बारकाईने एखाद्या जिवाची निगा लिहून ठेवणारा वैद्यकग्रंथ आपल्या परंपरेत दुसरा दाखवणे कठीण आहे. जुन्या वैद्यांच्या घरी थंड कोपऱ्यात ठेवलेले, तोंडाला ओले फडके बांधलेले मडके हा या ओळींचाच अवशेष होता, आणि त्या मडक्याचे पाणी बदलण्याचे काम शिष्याच्या वाट्याला येई. शल्यशास्त्राचा तो पहिला धडा असे.

प्रत्यक्ष लावण्याचा विधीही तितकाच नेटका आहे. मोहरी आणि हळद वाटून केलेल्या पाण्याने जळवेचे अंग माखून तिला मुहूर्तभर, म्हणजे सुमारे पाऊण तास, स्वच्छ पाण्यात सोडायचे आणि तिचा शीण गेला की मऊ, पांढऱ्या, ओल्या कापडात धरून तोंड तेवढे उघडे ठेवायचे. चिकटत नसेल तर त्या जागी दुधाचा किंवा रक्ताचा थेंब ठेवायचा, नाही तर शस्त्राने बारीक ओरखडा काढायचा. तरीही नाकारले तर दुसरी घ्यायची. चिकटलेली जळू तोंड घोड्याच्या खुरासारखे पसरते आणि मान उचलून धरते, आणि ही खूण एकदा पाहिलेल्या माणसाला पुन्हा सांगावी लागत नाही. दंशाच्या जागी टोचल्यासारखे दुखू लागले आणि खाज सुटली की आता शुद्ध रक्त जात आहे असे समजून तिला काढायचे. रक्ताच्या ओढीने ती सुटत नसेल तर तोंडावर सैंधवाची चिमूट टाकायची.

या विधीचे खरे मर्म पुढे आहे. सुटलेल्या जळवेच्या अंगावर तांदळाचा कोंडा भुरभुरून, तोंडाला तेल-मीठ लावून, डाव्या हाताच्या अंगठ्या-बोटांत शेपूट धरायचे आणि उजव्या हाताची बोटे शेपटापासून तोंडाकडे हळूहळू दाबत आणून प्यालेले रक्त ओकवायचे. चांगली ओकलेली जळू पाण्यात सोडली की अन्न शोधत फिरते. जी तळाशी बसून हालत नाही ती नीट ओकलेली नाही, तिला पुन्हा ओकवायचे. अशा अर्धवट ओकलेल्या जळवेला इंद्रमद नावाचा असाध्य रोग होतो, असे ग्रंथ सांगतो. रोग्याच्या चिकित्सेच्या अध्यायात जळवेच्या रोगाचे नाव यावे ही गोष्ट साधी नाही. दाब किंचित जास्त झाला की जळू फाटते, कमी झाला की रक्त आत राहते. हे बोटांना कळावे लागते, आणि आता ते शिकवणारे हात बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत.

वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात, सव्विसाव्या अध्यायात, हाच विषय आटोपशीर केला आणि एकदा लावलेली जळू सात दिवस पुन्हा लावू नये असा दंडक घातला. हंस जसे पाण्यातून दूध वेचतो तशी जळू मिसळलेल्या रक्तातून आधी दुष्ट रक्त घेते, हा त्याचा दृष्टांत मात्र पुढे फार महाग पडला. देवगिरीच्या यादवांच्या दरबारातील हेमाद्रीने याच ग्रंथावर आयुर्वेदरसायन ही टीका लिहिली. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने ती अरुणदत्ताच्या टीकेसह हरिशास्त्री पराडकरांच्या संपादनाखाली छापली, तर सुश्रुतसंहितेची डल्हणाच्या टीकेसह आवृत्ती यादवजी त्रिकमजी आचार्यांनी सिद्ध केली. गणेश कृष्ण गर्दे यांच्या सार्थ वाग्भटामुळे संस्कृत न जाणणाऱ्या मराठी घरांतही हा विषय पोचला. मधल्या शतकांविषयी मात्र फारसे सांगण्यासारखे नाही; नंतरच्या ग्रंथांनी बहुधा आधीचेच श्लोक पुढे चालवले. गावोगाव फिरणारे वैदू तुंबडी लावून रक्त काढत राहिले, युनानी हकीमांनी इर्साल-ए-अलक या नावाने जळवांची परंपरा जपली, आणि काश्मीरमध्ये नवरोजच्या दिवशी जळवा लावून घेण्याची चाल आजही दिसते.

युरोपाची हकिगत थोडक्यात आटोपता येते, कारण ती अतिरेकाची हकिगत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रूसे या फ्रेंच वैद्याच्या प्रभावाखाली जवळजवळ प्रत्येक रोगावर जळवा लावल्या गेल्या. १८३३ मध्ये एकट्या फ्रान्सने चार कोटींहून अधिक जळवा बाहेरून आणल्या. तळी उजाड झाली आणि पाठोपाठ उपचाराचीही पत गेली.

या उपचाराचे पुनरुज्जीवन दोन वाटांनी झाले. १८८४ मध्ये हेक्राफ्टने जळवेच्या स्रावात रक्त गोठू न देणारे द्रव्य असल्याचे दाखवले, पुढे त्याला हिरुडिन हे नाव मिळाले आणि १९५० च्या दशकात मार्कवार्टने ते शुद्ध रूपात वेगळे केले. दुसरी वाट शल्यगृहातली. १९६० मध्ये युगोस्लाव्हियातील दोन शल्यवैद्यांनी त्वचारोपणात रक्त साकळलेल्या भागावर जळवा लावल्याचे प्रसिद्ध केले. १९८५ मध्ये बोस्टनला एका लहान मुलाचा तुटलेला कान जोडताना त्यांचा उपयोग झाला. २००४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जळवेला वैद्यकीय साधन म्हणून मान्यता दिली. जोडलेल्या अवयवात धमनीतून रक्त येते पण शिरांवाटे परत जात नाही, तेव्हा नव्या शिरा तयार होईपर्यंत जळू आणि तिच्या दंशातून तासन्‌तास झिरपणारे रक्त मिळून ती वाट मोकळी ठेवतात, एवढाच तेथील हेतू असतो.

वाद उपस्थित होतो तो येथे. एक पक्ष म्हणतो की सुश्रुताला हिरुडिन ठाऊक होते. दुसरा म्हणतो की बोस्टनच्या कानाने विसर्पाची आणि विचर्चिकेची चिकित्साही सिद्ध झाली. दोन्ही विधाने टिकत नाहीत. सुश्रुताला ठाऊक होते ते हे की दंश वाहत राहतो, आणि म्हणूनच त्याने शतधौत घृत, म्हणजे शंभर वेळा पाण्याने धुतलेले तूप, मध, थंड पाणी आणि पट्टीबंधन सांगितले. निरीक्षणाचे श्रेय मोठे आहे, त्याला रसायनशास्त्राचा मुलामा देण्याची गरज नाही. जोडलेल्या अवयवातील साकळलेले रक्त हा एक प्रश्न आणि जुनाट त्वचारोग हा दुसरा. पहिल्याचा पुरावा दुसऱ्याच्या खात्यावर मांडता येत नाही. गुडघ्याच्या झिजेवर जळवा लावल्याचा जर्मन अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात वेदना कमी झाल्याचे दिसले, पण आपल्याला जळू लावली आहे हे रोग्यापासून लपवता येत नसल्याने तोही बेताने वापरावा लागतो. वाग्भटाच्या हंसाचेही तेच. जळू रक्ताची निवड करते असे कोणत्याही प्रयोगाने दाखवलेले नाही. तो दृष्टांत आणि सुश्रुताने सांगितलेली खाज-टोचणीची खूण एकत्र वाचली म्हणजे कळते की ग्रंथकारांना सांगायचे होते ते केव्हा थांबायचे हे. याउलट हा सारा प्रकार अडाणी रक्तस्रावाचा म्हणून झटकून टाकणाऱ्या पंडितांनी आपल्याच शहरातील एखाद्या प्लास्टिक सर्जनला एकदा विचारून पाहावे.

आजचे चित्र मात्र समाधानकारक नाही. आयुर्वेद रुग्णालयांतून जलौकावचारण वाढले, फलक लागले, केस गळण्यापासून सौंदर्यापर्यंत सर्व कारणांसाठी जळवा लावल्या जाऊ लागल्या. जळू कोठून आली, कोणत्या जातीची, किती दिवस उपाशी ठेवली, हे विचारणारा मात्र कमी झाला. जळवा आता पार्सलने येतात. कमळांची तळी बुजली किंवा कीटकनाशके आणि सांडपाणी यांनी नासली, म्हणजे ग्रंथाने ज्या पाण्याला सविष म्हटले तेच पाणी उरले. जळवेच्या आतड्यात एरोमोनास नावाचे जंतू राहतात आणि त्यांच्यामुळे जखम चिघळू शकते, हे बाहेरच्या शल्यगृहांत गृहीत धरून आधीच प्रतिजैविक दिले जाते. आपल्याकडे कित्येक ठिकाणी याची नोंदही नसते. पांडुरोगी, क्षीण झालेला, गर्भिणी यांना वर्ज्य करणारा ग्रंथ जुना असला तरी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेला आजचा रोगी त्याच पंक्तीत बसतो. एका रोग्याची जळू दुसऱ्याला कदापि लावू नये, ओकवलेली असली तरीही. कावीळ आणि एड्स यांच्या विषाणूंपुढे सात दिवसांचा दंडक पुरेसा नाही, आणि येथे परंपरेचा हवाला देणाऱ्यांशी तडजोड होऊ शकत नाही.

दक्षिणेकडील मूर्तींत धन्वंतरीच्या एका हातात जळू दाखवतात. २०१६ पासून धनत्रयोदशीला साजरा होणारा आयुर्वेद दिन २०२५ पासून २३ सप्टेंबर या पक्क्या इंग्रजी तारखेवर नेण्यात आला. तारखेने कार्यालयांची सोय झाली असेल, मूर्तीच्या हातातील जळवेकडे मात्र त्या दिवशीही कोणाचे लक्ष गेल्याचे दिसले नाही. राज्यातील ज्या ज्या आयुर्वेद महाविद्यालयात शल्यतंत्राचा विभाग आहे, तेथे निदान एक स्वच्छ, सावलीतले जळवांचे टाके असावे, प्राणिशास्त्राच्या जाणकाराकडून जळवेची जात ठरवून घ्यावी, प्रत्येक रोग्याच्या जळवा वेगळ्या नावाच्या भांड्यात ठेवाव्यात, आणि त्या कोठून आल्या, किती रक्त प्यायल्या, दंश किती वेळ वाहिला, जखम चिघळली का याची वही ठेवावी. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी दरवर्षी त्याच त्या रोगांच्या यादीवर प्रबंध लिहिण्याऐवजी पाच वर्षे ही वही भरावी.