बोटं गेली, नोकरीही गेली: आता काय?

सुरतेहून एका प्रेक्षकाचा फोन आला होता. मूळ गाव जळगावकडचं, वय 30, छोट्या कारखान्यात प्रेस मशीनवर काम, पगार 14,000. मार्च 2025 मध्ये मशीनने दोन बोटं नेली. शेठने दवाखाना केला, 40,000 हातावर ठेवले, ‘माझी काही तक्रार नाही’ अशा कागदावर सही घेतली. महिन्याभराने म्हणाला, उद्यापासून येऊ नको.

पहिली गोष्ट, त्या सहीला घाबरू नका. 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात कलम 17 आहे. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार तिथे रद्दबातल ठरतो. चाळीस हजारांत विषय मिटत नाही. हिशोब बघा. पगाराचे 60 टक्के 8,400. तिसाव्या वर्षाचा गुणक 207.98. गुणाकार 17,47,032. एका हाताची दोन बोटं म्हणजे 20 टक्के, म्हणजे जवळपास साडेतीन लाख. महिन्याभरात दिले नाहीत तर वर 12 टक्के व्याज, शिवाय दंड होऊ शकतो.

‘चूक तुझीच होती’ हे शेठचं नेहमीचं उत्तर. नुसता निष्काळजीपणा कामगाराच्या आड येत नाही. दारू पिऊन काम केलं, मुद्दाम सुरक्षेची जाळी काढली, तर गोष्ट वेगळी. ठेकेदारामार्फत काम असेल तर मूळ मालकावरही दावा लावता येतो. मात्र तुमचं ईएसआय कापलं जात असेल, तर हा रस्ता बंद. पैसे ईएसआयकडूनच मागायचे.

आता परराज्यातल्या आपल्या लोकांना फारसं माहीत नसलेली गोष्ट. भरपाईचा दावा सुरतेलाच लावला पाहिजे असं नाही. कामगार जिथे नेहमी राहतो तिथेही लावता येतो. हा भाऊ गावी परतला असेल तर जळगावला लावू शकतो. मुदत अपघातापासून दोन वर्षं. नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता आल्या, पण हा अपघात त्याआधीचा.

नोकरीचं भांडण वेगळं, ते सुरतेलाच. वर्षात 240 दिवस भरले असतील तर एक महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार दिल्याशिवाय कपात करता येत नाही. आधी तिथल्या कामगार खात्यात समेट अधिकाऱ्याकडे अर्ज. 45 दिवसांत तोडगा निघाला नाही तर थेट कामगार न्यायालय. हेही दोन वर्षांच्या आत उरका.

आर्मीत जवान जखमी झाला की इंज्युरी रिपोर्ट तयार होतो, कागद सुरू होतो. कारखान्यात तो कागद तुम्हालाच जमवावा लागतो: दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, पगार जमा झालेलं पासबुक, हजेरीचा फोटो, शेजारच्या मशीनवरच्या दोघांची नावं. ‘येऊ नको’ तोंडी सांगितलं असेल तर रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवा, मी कामावर यायला तयार आहे म्हणून. पोच जपून ठेवा.

वकिलाचे पैसे? जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. औद्योगिक कामगाराला तिथे वकील फुकट मिळतो. आधार कार्ड आणि वरचे कागद घेऊन सकाळीच जा.