आमच्या नळाचे पाणी

आम्ही कसबा पेठेतली माणसे. सकाळी बसने जातो, आतकरवाडीहून सिंहगड चढतो. वाट उभी आहे. म्हणून सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवतो. तो दमला, की सगळेच बसतो. मग मागे कोणी राहत नाही.

वरून खडकवासल्याचे पाणी दिसते. तेच आमच्या नळाला येते बरं का! १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. त्या लोंढ्याने खडकवासल्याचेही फुटले. मुठेचे पाणी कसब्यात घराघरांत शिरले. आमच्या घरच्या म्हाताऱ्यांनी तो दिवस पाहिलेला. पुढे दोन्ही धरणे पुन्हा बांधली.

पाहायचे ते कड्यापासून दहा पावले मागे राहून. पावसात दगड निसरडा होतो. पोटभर पाहून झाले, की पिठले-भाकरी खायची आणि उजेडी उतरायचे.