स्क्वॉ मॅन, द
अमेरिकन मूक चित्रपट (१९१४). हॉलिवुडमध्ये चित्रित झालेला पहिला दीर्घ कथापट म्हणून तो ओळखला जातो. एडविन मिल्टन रॉइल याच्या १९०५ मधील याच नावाच्या नाटकावर तो आधारलेला असून दिग्दर्शन ऑस्कर ॲपफेल व सेसिल बी. डमिल यांचे आहे. डमिल रंगभूमीवरून आलेला होता. चित्रपटतंत्राचा अनुभव ॲपफेलपाशी होता. ही गोष्ट डमिलच्या पुढील कीर्तीत झाकली गेली.

चुलतभावाने केलेल्या अपहाराचा ठपका स्वतःवर घेऊन जेम्स विनगेट (डस्टिन फार्नम) हा इंग्रज सरदारपुत्र वायोमिंगमध्ये येतो. तेथे कॅश हॉकिन्स या गुंडास ठार करून नॅटुरिच ही आदिवासी तरुणी त्याचे प्राण वाचवते. दोघांचा विवाह होतो, मुलगा होतो. पुढे विनगेटवरील कलंक दूर होऊन सरदारकी त्याच्याकडे येते, मुलाला इंग्लंडला पाठविण्याचे ठरते आणि अटक अटळ दिसताच नॅटुरिच आत्महत्या करते. नायकाचा मार्ग मोकळा व्हावा म्हणून तिचा बळी घेणारा हा शेवट तत्कालीन वर्णविषयक कल्पनांचा निदर्शक होय. नॅटुरिचची भूमिका मात्र रेड विंग (लिलियन सेंट सिर) या विनेबागो जमातीतील अभिनेत्रीने केली. डमिलनेच काढलेल्या १९१८ व १९३१ च्या आवृत्त्यांत ती अनुक्रमे ॲन लिटल व मेक्सिकन अभिनेत्री ल्यूपे व्हेलेझ यांच्याकडे गेली. शीर्षकातील ‘स्क्वॉ’ हा आदिवासी स्त्रीवाचक शब्द अवमानकारक मानला जातो. अमेरिकन शासनाने २०२२ मध्ये तो स्थलनामांतून वगळला.

चित्रीकरणास २९ डिसेंबर १९१३ रोजी सेल्मा व व्हाइन या रस्त्यांलगतच्या, भाड्याने घेतलेल्या कोठारात प्रारंभ झाला. जेसी एल. लास्की कंपनीचा हा पहिलाच चित्रपट होता. फार्नमने कंपनीतील भागाऐवजी रोख वेतन पत्करले. ही कंपनी पुढे पॅरामाउंटच्या उभारणीत सामील झाली, हे पाहता तो सौदा त्यास महाग पडला.

तयार फीत प्रक्षेपित केली असता चित्र पडद्यावर स्थिर राहीना. काटकसरीसाठी जुन्या यंत्रावर फितीला पाडलेल्या छिद्रांचे अंतर प्रक्षेपकाच्या दंतचक्राशी जुळत नव्हते, हे त्याचे कारण. सारे भांडवल बुडण्याची वेळ आली. तेव्हा फिलाडेल्फियाचा निर्माता सिग्मंड लुबिन याच्या तंत्रज्ञांनी कडेला पट्टी चिकटवून नव्याने छिद्रे पाडली. लुबिन हा लास्कीसारख्या स्वतंत्र निर्मात्यांना विरोध करणाऱ्या पेटंट संघाचा सदस्य होता, हे येथे उल्लेखनीय आहे. फेब्रुवारी १९१४ मध्ये प्रदर्शित झालेला हा चित्रपट लोकप्रिय ठरला. ते कोठार स्थलांतरित करून जतन करण्यात आले असून १९८५ पासून तेथे चित्रपटविषयक संग्रहालय आहे.