टँकरच्या मागे लिहिलेला ‘१२०३’ हा आकडा नेमका कशासाठी असतो?

हायवेवर पेट्रोलच्या टँकरमागे गाडी अडकली की समोर एक पाटी दिसते. वर ‘३ वाय ई’ असं इंग्रजीत लिहिलेलं, खाली १२०३ हे चार आकडे, बाजूला ज्वाळेचं चित्र असलेला लाल चौकोन आणि फोन नंबर. अनेकांना तो आरटीओचा किंवा कंपनीचा काहीतरी नंबर वाटतो.

पण ही पाटी अपघातासाठी लिहिलेली असते. टँकर उलटलाय, ड्रायव्हर बेशुद्ध आहे, कागदपत्रं केबिनमध्ये अडकली आहेत, अशा वेळी आत काय आहे हे सांगणारं दुसरं कोणी उरत नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १३४ मध्ये या पाटीला ‘इमर्जन्सी इन्फॉर्मेशन पॅनल’ म्हटलं आहे. ती वाहनावर तीन ठिकाणी लावावी लागते. मालाचं नाव किमान ५० मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत, आकडा किमान १०० मिलिमीटर उंच आणि धोक्याचं चित्र किमान २५० मिलिमीटरच्या चौकोनात. हे माप उगाच ठरवलेलं नाही. पाटी लांबून वाचता आली पाहिजे, कारण जवळ जाऊन वाचणाराच आधी संकटात सापडतो.

आकड्यांची अदलाबदल झाली तर?

चार आकडी नंबर म्हणजे यूएन नंबर. जगभरात धोकादायक मालाला एकच क्रमांक असावा, म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने ही यादी केली. पेट्रोल १२०३, घरगुती गॅस म्हणजे एलपीजी १०७५, क्लोरीन १०१७, अमोनिया १००५.

आता १२०३ मधले शेवटचे दोन आकडे उलटे करा. १२३० होतात, आणि १२३० म्हणजे मिथेनॉल. दोन्ही पेट घेतात, पण आग विझवायची पद्धत वेगळी. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, म्हणून त्यावर फोम मारतात. मिथेनॉल पाण्यात मिसळतं आणि साधा फोम मोडून टाकतं, त्यामुळे अल्कोहोलवर टिकणारा खास फोम लागतो. त्यात मिथेनॉलची ज्वाळा दिवसा उजेडात जवळपास दिसतच नाही. आग नाही असं समजून कोणी पुढे गेलं तर काय होईल, हे सांगायला नको.

‘३ वाय ई’ म्हणजे काय?

हा हॅझकेम कोड. ब्रिटनमध्ये अग्निशमन दलासाठी तयार झालेली ही पद्धत भारतातल्या टँकरवरही दिसते. पहिला आकडा आग कशाने विझवायची ते सांगतो: १ म्हणजे पाण्याचा जाड फवारा, २ म्हणजे बारीक फवारा, ३ म्हणजे फोम आणि ४ म्हणजे कोरडा पदार्थ. ४ असेल तर पाणी अजिबात नाही. पुढच्या अक्षरात जवानांनी काय घालायचं आणि सांडलेला माल पाण्याने पातळ करायचा की अडवून धरायचा, हे दडलेलं असतं. ‘वाय’चा अर्थ श्वसनयंत्र लावा, स्फोटक प्रतिक्रियेचा धोका आहे, माल गटारात जाऊ देऊ नका. शेवटी ‘ई’ असेल तर आजूबाजूचा परिसर रिकामा करण्याचा विचार करा.

अख्खा आदेश तीन अक्षरांत.

ड्रायव्हरने काय करायचं असतं?

असा माल नेणाऱ्या ड्रायव्हरला तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन लायसन्सवर तशी नोंद करून घ्यावी लागते. मालाची माहिती आणि अपघातात काय करायचं याच्या सूचना असलेलं ‘ट्रेम कार्ड’ केबिनमध्ये हवं. अपघात झाला तर जवळच्या पोलीस ठाण्याला लगेच कळवायचं. पण सगळा भार त्याच्यावर नाही. माल पाठवणाऱ्याने त्याला खरी आणि पूर्ण माहिती देणं कायद्याने बंधनकारक आहे. खरी मेख इथेच आहे. एकच टँकर आज एक रसायन आणि उद्या दुसरं नेत असेल आणि पाटी मात्र जुनीच राहिली, तर ती नसण्यापेक्षा घातक. फायर ब्रिगेड तिच्यावर विसंबूनच पुढे जाणार.

आणि आपण?

१३ जून २०२३ रोजी मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर खंडाळ्याजवळ ज्वलनशील रसायनाचा टँकर उलटून पेटला. जळतं रसायन पुलावरून खालच्या रस्त्यावर पडलं. चार जणांचा जीव गेला, त्यात पुलाखालून जाणारेही होते. त्याआधी २५ जून २०१७ रोजी पाकिस्तानात बहावलपूरजवळ उलटलेल्या टँकरमधलं पेट्रोल भरून न्यायला लोक कॅन, बादल्या घेऊन धावले. आग लागली आणि २०० हून अधिक माणसं गेली.

त्यामुळे असा टँकर उलटलेला दिसला तर गाडी लांबच थांबवा, वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूला जा. खोलगट जागेत उभं राहू नका, कारण पेट्रोलची वाफ आणि एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने तिथेच साचतात. सिगारेट, काडी काही पेटवू नका. सुरक्षित अंतरावर पोहोचल्यावर ११२ ला फोन करा आणि पाटीवरचे चार आकडे दिसले असतील तर तेच आधी सांगा. व्हिडिओ काढायचा मोह झालाच, तर झूम करून पाटी टिपा, पण त्यासाठी एक पाऊलही पुढे जाऊ नका. एलपीजी गळतीसाठी १९०६ हा वेगळा क्रमांक आहे.

टँकर रिकामा आहे असं कोणी सांगितलं तरी अंतर तेवढंच ठेवा. पेट्रोल उतरवल्यावरही आत वाफ उरते, आणि पेट घेते ती वाफच.