शीख नावांच्या घडणीचा मागोवा

हरप्रीत, मनदीप, गुरजोत यांसारखी जोडनावे पंजाबातील शीख कुटुंबांत आज इतकी सरसकट आढळतात की ती पंथाइतकीच जुनी असावीत असे वाटते. परंतु अठराव्या शतकातील शीख सरदारांची नावे पाहिली तर या घडणीचे नाव क्वचितच दिसते. १६९९ च्या वैशाखीला आनंदपूर येथे खालसा पंथाची स्थापना झाली, तेव्हा प्रथम दीक्षा घेतलेल्या पाच जणांच्या, म्हणजेच ‘पंज प्यारे’ यांच्या, नावांचे पूर्वपद तसेच राहून केवळ उत्तरपद बदलले आणि लाहोरचे दयाराम दयासिंग, तर बिदरचे साहिबचंद साहिबसिंग झाले. गुरू गोबिंदसिंगांच्या पुत्रांपैकी जुझार म्हणजे झुंजणारा, जोरावर हा फारसी शब्द बलवानाचा वाचक, तर फतेह हा अरबी शब्द विजयाचा. त्या काळच्या रणाची आणि दरबाराची भाषा अशी घराघरांतील नावांत उतरली होती.

पुढील बदल पतियाळाच्या राजवंशात स्पष्ट दिसतो. आलासिंग, अमरसिंग, साहिबसिंग आणि करमसिंग या सुटसुटीत नावांनंतर १८४५ मध्ये नरिंदरसिंग गादीवर आले व त्यांच्यामागून मोहिंदर, राजिंदर, भूपिंदर आणि यादविंदर अशी ‘इंदर’ म्हणजे इंद्र, अधिपती, या पदाने संपणारी मालिकाच सुरू झाली. सुखविंदर, बलविंदर ही आजची शेतकऱ्यांच्या घरांतील नावे त्याच राजेशाही साच्यातली आहेत. याउलट जर्नैल आणि कर्नैल ही नावे थेट पलटणीतून, जनरल आणि कर्नल या हुद्द्यांवरून आली असून, १९६२ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय फुटबॉल संघातील जर्नैलसिंग यांच्यामुळे त्यांतील एक मराठी वाचकांच्याही परिचयाचे झाले.

जोडनावांच्या सुकाळाचे कारण मात्र बव्हंशी नामकरणाच्या विधीत शोधावे लागते. गुरू ग्रंथसाहिब उघडून जो ‘हुकम’, म्हणजे त्या वेळचे वचन, वाचला जातो, त्याच्या आद्याक्षरावरून नाव ठेवावे आणि मुलाच्या नावापुढे सिंग, मुलीच्या नावापुढे कौर लावावे, अशी तरतूद शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने १९४५ मध्ये संमत केलेल्या ‘रहत मर्यादे’त, म्हणजे आचारसंहितेत, आहे. अक्षर हाती आले की आईवडिलांना मोकळीक उरते ती पदांच्या जुळवाजुळवीची: ‘ज’ निघाला तर यशवाचक ‘जस’ला प्रीत, मीत, दीप किंवा जोत यांपैकी काहीही जोडता येते, आणि ही पदे मुलामुलींना सारखीच चालतात. म्हणूनच जसप्रीत हा मुलगा की मुलगी, हे केवळ सिंग वा कौर पाहूनच कळते.

कॅनडाने काही वर्षे स्थलांतरितांना ही दोन्ही पदे आडनाव म्हणून नाकारली होती, कारण ती फार जणांची असल्याने अर्जांची गल्लत होते असे सांगितले जाई. २००७ मध्ये हे धोरण मागे घेण्यात आले. तोवर अनेकांनी कुळाचे किंवा गावाचे नाव पुढे आणून कागदपत्रांची सोय लावली होती, आणि खालशाने मागे सारलेली कुळाची ओळख त्या कागदांवर पुन्हा अवतरली.